रिंगपर्यंत जायची घाई



मागच्या अंकात सुट्टीतल्या वाचनावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतलं एक पत्र वाचनाबद्दल नव्हतंच. एका आईने विचारलं होतं, "मुलगी शाळेत बास्केटबॉल खेळते. चपळ आहे, पण चेंडू हातात आला की तिचा स्वतःवर ताबा राहत नाही. सरळ घुसते, पडते, दुसऱ्यांना पाडते. घरचे म्हणतात बंद कर. तुम्ही शिक्षिका आहात, सांगा काय करू?"

आपा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या धाकट्या बहिणीने सहा महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर याच शब्दांत लिहिलं असतं. तिची मुलगी आठवीत आहे, तेरा वर्षांची. बहीण इथे खुटबावलाच राहते, त्यामुळे भाची निम्मा दिवस माझ्याच घरी असते. तिची हकिकत सांगते, त्यातच तुमचं उत्तर आहे. थोडी माझी चूकही आहे, तीही सांगते.

मी मुळात खेळाची माणूस नाही. शाळेत मराठी शिकवते, संध्याकाळी घरी आजूबाजूच्या मुलांना उर्दू. आमच्या भागात खेळ म्हणजे कबड्डी आणि खो-खो, आणि क्रीडाशिक्षक त्यातच गुंतलेले असतात. मुलींचा बास्केटबॉलचा संघ माझ्याकडे आला, कारण सामन्याला मुलींबरोबर एक शिक्षिका लागते आणि लोकलने पुण्याला जायला माझी ना नसते. मैदानावर एकच बास्केट आहे, तिची जाळी दर पावसाळ्यात कुजते. तेवढ्या सामानावर दहा मुली खेळतात.

ज्या घरांत हा खेळ कुणी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एका बाजूला पाच खेळाडू असतात. त्यातल्या ज्या मुली चेंडू टप्प्यांवर खेळवत पुढे आणतात त्यांना गार्ड म्हणतात. त्या बहुधा उंचीने कमी पण हाताने चलाख असतात. समोरच्या मुलीला चुकवून, चेंडू आपटत थेट रिंगकडे मुसंडी मारायची याला ड्राइव्ह म्हणतात. गार्डचं हे मोठं हत्यार आहे. माझ्या भाचीकडे ते होतं, जरा जास्तच होतं.

ऑगस्टमध्ये सामना होता. पहिल्या दहा मिनिटांत तिने तीन वेळा ड्राइव्ह मारून दोन बास्केट केले. मी बाहेर उभी राहून ओरडत होते, "घुस! अजून घुस!" वर्गात मी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी माझा घसा बसला. मग समोरच्या संघाने एक साधी गोष्ट केली. त्यांची एक मुलगी रिंगच्या थोडं पुढे येऊन दोन्ही पाय रोवून उभी राहू लागली. नियम असा आहे की बचाव करणारी आधीच आपल्या जागी नीट उभी असेल आणि चेंडूवाली तिच्या छातीवर आदळली, तर फाउल चेंडूवालीचा. चेंडूही जातो. भाचीला हे माहीत होतं. माहीत असून ती आदळली. पुन्हा आदळली. पाच फाउल झाले की खेळाडूला सामना सोडावा लागतो. तिचा पाचवा फाउल तिसऱ्या डावातच झाला, आणि त्या धडकेत समोरची मुलगी हातावर पडली. मनगटाचं हाड मोडलं.

परतीच्या गाडीत भाची खिडकीकडे तोंड करून बसली होती. उरुळी गेलं, यवत गेलं, एक शब्द नाही. खुटबाव स्टेशनवर उतरताना एवढंच म्हणाली, "खाला, मैं क्या करूं, पांव रुकतेच नई."

हे वाक्य मी तेव्हा रडगाणं म्हणून ऐकलं. ते रडगाणं नव्हतं, दुखणं नेमकं कुठे आहे ते ती सांगत होती. मला समजायला दोन महिने लागले.

घरी जे व्हायचं ते झालं. माझे बहनोई टेम्पो चालवतात, गुऱ्हाळावरून गुळाच्या ढेपा पोचवतात. माणूस शांत आहे, पण म्हणाले, "दुसऱ्याच्या पोरीचा हात मोडून आली. बस झालं." दादीने त्यात आपली भर घातली, मुलीचे दात-बित पडले तर पुढे काय, वगैरे. त्यांना मी उत्तर दिलं नाही, कारण बहनोईंचा मुद्दा खरा होता. दुसऱ्याच्या पोरीचा हात मोडला होता.

पुढच्या रविवारी ते स्वतः भाचीला घेऊन त्या मुलीच्या गावी गेले, मीही गेले. त्या घरच्यांनी चहा दिला, राग दाखवला नाही. ती मुलगी प्लॅस्टरवर मैत्रिणींच्या सह्या घेऊन बसली होती. तिने भाचीलाही पेन दिलं आणि सहज विचारलं, "तू एवढी का पळतेस गं? तुझ्यामागे तर कुणी नव्हतं." भाचीकडे उत्तर नव्हतं. सही मात्र केली.

या भेटीनंतर बहनोई थोडे नरमले. खेळू दे, पण सांभाळून, म्हणाले. सगळे तेच म्हणू लागले. आई म्हणे सांभाळून, दादी म्हणे सांभाळून, आणि मी सरावाच्या वेळी पन्नास वेळा. परिणाम काय झाला? पोरगी घुसायचीच थांबली. चेंडू आला की दोन टप्पे घेऊन लगेच दुसरीला पास द्यायची, जणू हात भाजतोय. समोर रान मोकळं असलं तरी जायची नाही. पडणं थांबलं, फाउल थांबले, घरचे खूश झाले. मला काही ते बरं वाटेना. वर्गात शुद्धलेखनाला घाबरलेली मुलं असंच करतात. चूक होऊ नये म्हणून छोटी छोटी वाक्यं लिहितात. लाल शाई कमी लागते आणि निबंध मेलेला असतो.

आता मराठीची शिक्षिका म्हणून विचार करते तेव्हा वाटतं, 'सांभाळून' हा शब्दच निकामी आहे. त्यात पायाने काय करायचं, नजर कुठे ठेवायची, चेंडू कुठे धरायचा, यातलं काहीच नाही. त्यात आहे फक्त मोठ्यांची भीती, ती मुलांच्या अंगात उतरते. 'हळू' हा त्याचाच भाऊ. गार्डला हळू जा म्हणणं म्हणजे तिच्याकडची एकुलती एक देणगी परत मागणं.

दिवाळीच्या सुट्टीत माझे मामू मुंबईहून राहायला आले. वय सत्तरीच्या पुढे, सगळं आयुष्य नागपाड्यात गेलं. नागपाडा हे नाव या खेळात मोठं आहे, आपल्या घरांत मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. अमेरिकन मराठी मिशनने तिथे 'नागपाडा नेबरहुड हाउस' सुरू केलं. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे मिशनरी ते चालवत. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ मध्ये याच घरात सुरू झाली. त्या दाटीवाटीच्या मुस्लिम वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की गल्लीतली पोरं रात्री दिव्याखाली खेळत. तिथल्या महापालिकेच्या मैदानाला बच्चू खान यांचं नाव आहे, ते पोरांना खेळ शिकवणारे उस्ताद. त्याच वस्तीतून गुलाम अब्बास मुंतसिर पुढे आले, भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. मामू स्वतः कुठल्या संघात नव्हते, छापखान्यात नोकरी करायचे. पण पन्नास वर्षं मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी हा खेळ पाहिलाय, आणि कडेला उभ्या माणसाला कधी कधी जास्त दिसतं.

मामूंनी भाचीला दोन संध्याकाळी पाहिलं. मी त्यांना सगळं सांगितलं, आधी कशी आदळायची आणि आता कशी घाबरते. ते म्हणाले, "लडकी तेज है, तेज रहने दे. ब्रेक किधर है, वो दिखा उसको."

मग मला स्टेशनवरचं वाक्य आठवलं. पांव रुकतेच नई. तिला धावायला सगळ्यांनी शिकवलं होतं. थांबायला कुणीच शिकवलं नव्हतं. थांबणं आपोआप येतं असं आम्ही धरून चाललो होतो.

गंमत अशी की हा खेळ जन्मला तोच थांबण्यातून. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने तो काढला, हिवाळ्यात बंद हॉलमध्ये तरण्याताठ्या मुलांना काहीतरी खेळ हवा म्हणून. फुटबॉलसारखी अंगावर जाण्याची, पाडापाडीची वृत्ती त्याला नको होती. म्हणून त्याने ठरवलं, चेंडू घेऊन पळायचंच नाही. जिथे झेलला तिथूनच फेकायचा. फक्त वेगात असताना चेंडू हाती आला आणि खेळाडू थांबायचा प्रयत्न करतोय असं दिसलं, तर थोडी सवलत. पीच फळांच्या टोपल्या डोक्याच्या वर टांगल्या, म्हणजे ताकदीने भिरकावून उपयोग नाही, अलगद वरून टाकावं लागेल. चेंडू आपटत पळणं नंतर खेळाडूंनीच शोधून काढलं. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सरांनी थांबायला सांगितलं आणि पोरांनी पळायची पळवाट काढली." शिक्षिका म्हणून मला हे ऐकून नवल वाटलं नाही.

मामूंनी पहिले आठ दिवस रिंगकडे बघूच दिलं नाही. शाळेच्या फरशीवर खडूने एक रेघ मारली. चालत यायचं, तीन टप्पे घ्यायचे, रेघेच्या अलीकडे दोन्ही पाय एकदम टेकवून थांबायचं. गुडघे वाकलेले, पाय खांद्याइतके फाकलेले, चेंडू दोन्ही हातांत छातीशी, मान वर. मग मनात एक-दोन मोजायचं आणि तोवर हलायचं नाही. बस, एवढंच. चालत जमलं की धावत.

धावत जमेना. दर वेळी ती रेघेच्या वीतभर, हातभर पुढे जायची. ती रेघेपाशी पोचल्यावर थांबायला लागायची. मामूंनी तिच्या अब्बूंना बोलावून विचारलं, "वळण आलं की टेम्पोचा ब्रेक कधी दाबता?" बहनोई म्हणाले, "वळणावर दाबला तर ढेपा रस्त्यावर. आधीच दाबायचा." पोरीला जे मी आठवडाभर समजावत होते ते बापाच्या एका वाक्याने समजलं. थांबायचं काम दोन पावलं आधी सुरू होतं. पावलं आखूड करायची, कंबर खाली घ्यायची, मग थांबायचं. उभ्या अंगाने कुणालाच थांबता येत नाही. वाकलेल्या अंगाने येतं.

इथे आयांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण घरात भीती दातांची असते आणि धोका असतो गुडघ्याला. उडी मारून उतरताना, झटकन वळताना मुलींच्या गुडघ्यातल्या बंधाला इजा होण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे. उतरताना गुडघे ताठ नकोत, आणि एकमेकांकडे आत झुकायला नकोत. पाऊल ज्या दिशेला, गुडघा त्याच दिशेला. खेळाआधी दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करायचं, त्यात हे उतरणंही घ्यायचं. म्हणजे ज्या थांबण्याने दुसरीचं मनगट वाचतं त्यानेच आपल्या मुलीचा गुडघाही वाचतो. बूट घट्ट आणि न घसरणारे हवेत, महागच हवेत असं नाही. ढिली चप्पल-सँडल घालून सराव मी करू देत नाही.

दोन पायांवर थांबण्याचा नियमातही फायदा आहे. चेंडू हवेत असताना दोन्ही हातांत घेतला आणि दोन्ही पाय एकदम जमिनीवर टेकले, तर त्यातला कुठलाही एक पाय जागेवर ठेवून दुसऱ्याने फिरता येतं. एक पाय आधी टेकला तर मात्र तोच पाय खिळला. भाची पूर्वी थांबायची तेव्हाही एक पाय आधी, एक नंतर, मग घाईत चुकीचा पाय उचलायची आणि पंच ट्रॅव्हलिंगची शिट्टी वाजवायचे. ती म्हणायची पंच आमच्या विरुद्ध आहेत. पंच बिचारे बरोबर होते.

मग नजर. ड्राइव्ह मारताना तिची नजर चेंडूवर असायची, म्हणून समोर उभी मुलगी तिला दिसायचीच उशिरा. आदळण्याचं निम्मं कारण हे होतं. मामूंनी सांगितलं, रिंगखाली उभी राहा आणि बोटं दाखव, तिला आकडा ओरडायला सांग. ते दोन दिवसांत तिला सोपं झालं. तेव्हा मी माझं हत्यार काढलं. उर्दू शिकवायला केलेली पुठ्ठ्याची अक्षरं घेऊन उभी राहिले. ज्यांना ही लिपी येते त्यांना माहीत आहे, बे, पे, ते, से या चार अक्षरांची बैठक एकच. फरक फक्त नुक्त्यांचा. बेला खाली एक, पेला खाली तीन, तेला वर दोन, सेला वर तीन. ओझरतं पाहून चालत नाही, नीट बघावं लागतं. चेंडू आपटत यायचं, मी मध्येच कार्ड वर करणार, तिने अक्षर म्हणायचं, रेघेवर दोन पाय. पहिल्या दिवशी तिने 'से'ला 'पे' म्हटलं आणि चेंडू पायावर आपटून बांधावरून उसात गेला. तो शोधायला अर्धा तास गेला. पण महिन्याभरात चेंडूकडे न बघता हात आपोआप चालू लागला. धाकटा भाऊ शेजारी बसून बघत होता, त्याची चारही अक्षरं फुकटात पाठ झाली.

तिसरी गोष्ट निर्णयाची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात अवघड. भाची घुसायची तेव्हा तिच्या डोक्यात एकच शेवट असायचा: रिंग. वाटेत माणूस आला तरी शेवट तोच. पूर्वी ती रिंगपाशी पोचायची, आता थांबायला शिकली, पण थांबून काय करायचं? यासाठी आम्ही धाकट्या भावाच्या हातात उशी दिली. तो रिंगजवळ उभा राहायचा. भाची थांबायच्या क्षणी तो कधी उशी घेऊन पुढे यायचा, कधी बाजूला सरायचा. रस्ता मोकळा असला तर पुढे जाऊन ले-अप. उशी समोर आली तर एका पायावर फिरून कोपऱ्यातल्या मुलीला पास. आणि काहीच नीट दिसलं नाही तर चेंडू मागच्या मुलीकडे परत. हा तिसरा पर्याय तिला हार वाटायचा. तो तिला पटवायला मला सर्वांत जास्त बोलावं लागलं. कारण एकदा टप्पा थांबवला की तो पुन्हा घेता येत नाही. मग परत देणं हाच शहाणपणा असतो.

ले-अपमध्येही तिची घाई होती. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच, आतून ४५ सेंटिमीटर रुंद. मुलींचा चेंडू सहा नंबरचा. असे जवळजवळ दोन चेंडू शेजारी शेजारी मावतील एवढी जागा आहे. तरी ती चेंडू बोर्डवर असा मारायची की तो उडून परत अर्ध्या मैदानात. वेग पायांचा असतो, तो हातात आणायचा नाही, हे तिला मामूंनी दाखवलं. बोर्डवर जो चौकोन रंगवलेला असतो त्याच्या वरच्या कोपऱ्याला चेंडू नुसता टेकवायचा. शेवटचं पाऊल पुढे फेकायचं नाही, वर उचलायचं. पुढे उडी मारणारी माणसावर जाते. वर उडी मारणारी रिंगकडे जाते. आणि डावा हात. तो अजून कच्चाच आहे.

वेगाबद्दल मामूंनी एक गोष्ट सांगितली ती मला फार उपयोगाची वाटली. सारखं जोरात पळणाऱ्या मुलीला अडवणं सोपं असतं, कारण समोरचीला तिच्या वेगाची सवय होते. चालता चालता एकदम उसळी घेणारी अडवता येत नाही. म्हणजे ताबा आला की वेग कमी होत नाही, उलट तो जास्त लागू पडतो. हे भाचीने तीन दिवसांत उचललं. वेग तिचाच होता, आता तो कधी काढायचा ते तिच्या हातात होतं.

आम्ही मोठ्यांनीही एक ठरवलं. बाहेरून 'घुस' नाही, 'सांभाळून' नाही. ओरडायचंच असेल तर एकच शब्द: "दोन!" म्हणजे दोन पाय. त्यात भीती नाही, शाबासकी नाही, नुसतं काम आहे. दादीसुद्धा आता अंगणातून "दोन" ओरडते. तिचा दोनचा नेम बहुधा चुकतो, पण भावना कळते.

जानेवारीत एक सराव सामना झाला. तुम्हाला वाटेल मी सांगणार की भाचीने जिंकून दिला. आम्ही सहा गुणांनी हरलो. पहिल्याच ड्राइव्हला ती दोन पायांवर थांबली, समोरची उंच मुलगी तिला अडवायला उडी मारून पुढे निघून गेली, आणि भाची मोकळ्या रिंगखाली एकटी उरली. तिला स्वतःलाच एवढं आश्चर्य वाटलं की चेंडू चुकला. दुसऱ्यांदा थांबून तिने कोपऱ्यात सुरेख पास दिला. कोपऱ्यातली मुलगी प्रेक्षकांत कुणाला तरी हात करत होती. चेंडू बाहेर. पुढे मात्र तीन बास्केट झाले, दोन तिच्या पासवर झाले. शेवटच्या डावात पिछाडीवर असताना जुनी खोड उसळली, मान खाली घालून घुसली आणि उभ्या मुलीवर आदळली. शिट्टी वाजली. पूर्वी ती पंचांकडे बघायची. या वेळी तिने त्या मुलीला हात देऊन उठवलं आणि स्वतःच्या पायांकडे पाहिलं. सबंध सामन्यात फाउल दोन.

आपा, पत्राच्या शेवटी तुम्ही ओढणीबद्दलही विचारलंय. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने मे २०१७ मध्ये निर्णय घेऊन १ ऑक्टोबर २०१७ पासून डोकं झाकून खेळायला परवानगी दिली आहे. अट अशी की कापड संघातल्या सगळ्यांचं एकाच रंगाचं असावं, चेहरा झाकलेला नसावा, आणि त्यात इतरांना लागेल असं काही नसावं. तेव्हा टाचण्या, सेफ्टी पिना बिलकुल नकोत. माझ्या बहिणीने पहिल्यांदा चार पिना लावून पाठवलं होतं, त्या मी मैदानावर काढल्या. डोक्यावरून घालायचं, घट्ट बसणारं, लोंबतं टोक नसलेलं शिवून घ्या. आमच्या भाचीचं जुन्या टी-शर्टच्या कापडातून झालंय. सामन्याआधी पंचांना दाखवून ठेवावं, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही.

आणि घरात कुणी म्हणालं की मुलींना या खेळात पुढे काय आहे, तर पुण्याच्या शिरीन लिमयेचं नाव सांगा. जुलै २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, त्या संघात ती होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली. दोन गुणांचा फरक म्हणजे एक बास्केट. असा सामना चालू असताना शेवटच्या मिनिटाला कुणाला 'सांभाळून' म्हणून बघा.

मामू परत मुंबईला गेले. उशी धरायचं काम आता रविवारी बहनोई करतात, कारण धाकट्याला भाचीच्या धडकेची भीती वाटत नाही आणि तो हसत सुटतो. मागच्या रविवारी मी अंगणात उर्दूच्या वह्या तपासत होते. भाची आली, थांबली, फिरली, आणि बहनोई उशी घेऊन तिच्या वाटेत आडवे सरकले. दोघं आदळले. बहनोई म्हणाले, "बघ, आलीस ना अंगावर?" ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अब्बू, तुमचे पाय हलत होते. हा फाउल तुमचा." मी वहीतून मान वर केली आणि पंच म्हणून तिच्या बाजूने निकाल दिला.